आगटीवरचं प्रवचन

दात गेल्यावर हुरड्याचा हंगाम येऊ नये, पण तो येतोच. परवा माझ्या लेकानं, दानूनं, भोकरदनच्या बाजारातून प्लास्टिकच्या पिशवीत हुरडा आणला. सोललेला, निवडलेला, गार. मी पिशवीत नाक घातलं. वास नव्हता. सुनेनं तो मिक्सरमधून काढून थालीपीठ करून दिलं. मी खाल्लं आणि चांगलं झालंय म्हणाले. चांगलंच झालं होतं. पण त्याला हुरडा म्हणायचं नाही. हुरडा खाताना बोटं भाजली पाहिजेत, तळवे हिरवे झाले पाहिजेत, ओठाला राख लागली पाहिजे आणि शेजारी कोणीतरी हात पुढं करून बसलेलं पाहिजे.

आमच्या शिवारात आता ज्वारी शोधावी लागते. कापूस आहे, मका आहे, सोयाबीन निघालं की हरभरा आहे. ज्वारीला पाखरं राखायला माणूस लागतं, आणि रिकामं माणूस आता कोणाच्याच घरात नाही. सडकेच्या कडेला मात्र बोर्ड लागतात, हुरडा पार्टी म्हणून. दानू म्हणाला, आई, जायचं का एकदा? मी म्हणाले, ज्वारीची कणसं भाजून खायला मी तिकीट काढणार नाही.

तरी नाताळ सरून थंडी बसली की एखाद्या संध्याकाळी कुठून तरी गोवरीचा धूर येतो. तो आला की माझ्या पोटात आधी गोळा उठतो आणि मागोमाग सपाटून भूक लागते. दोन्ही एकामागं एक. इतकी वर्षं झाली, क्रम चुकला नाही. धुराचा त्यात दोष नाही. एका हंगामात एक मुलगी माझ्या घरी राहायला आली होती, तिच्यापायी लागलेली ही सवय आहे.

तेव्हा नव्वद साल उलटून बरीच वर्षं झाली होती, पण गावात फोन एकच होता, पोस्टात. आमची ख्रिस्ती घरं आठ, गावाच्या खालच्या अंगाला. माझ्या सासऱ्यांच्या वडिलांनी कधी काळी येशूचं नाव घेतलं, तेव्हापासून आम्ही ख्रिस्ती. बाकी आमचं लुगडं, भाकरी आणि भांडण सगळं गावाचंच. धर्म बदलला की माणूस बदलतो असं लोक म्हणतात. मी पाहिलंय ते असं, की ज्याला शेजाऱ्याचा बांध कोरायचा असतो तो कोणत्याही धर्मात कोरतो.

नवरा जाऊन काही वर्षं झाली होती. दानूचं लग्न व्हायचं होतं. पाटलांचं रान आम्ही बटईनं करत होतो. रान त्यांचं, राबणं आमचं, खळ्यावर माल निम्मा-निम्मा. त्याला कागद नाही की सही नाही. पाटलांनी पाडव्याला 'कर' म्हणायचं आणि आम्ही तिफण धरायची. ज्या पाडव्याला ते 'नको' म्हणतील त्या पाडव्याला आमची चूल कशावर पेटणार, हे मला ठाऊक नव्हतं आणि मी त्याचा विचारही करत नसे. विचार करून ज्वारी वाढत नाही.

पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, भोकरदनहून मोपेडवर यायचे. भला माणूस. खोड एकच, परदेशी पाहुणा आला की त्यांची मान ताठ राहायची नाही. त्या वर्षी ते सांगत आले की बाहेरच्या देशातले काही विद्यार्थी गावोगाव हिंडायला येणार आहेत, मार्थाबाई, त्यांतली एक मुलगी तुमच्याकडं राहील. मी म्हणाले, राहू दे. आमच्याकडं अशी माणसं आधीही आली होती. ती यायची, लेकरांसोबत फोटो काढायची, जाताना रडायची. ती गेली की आम्ही परत कामाला लागायचो.

गावाची समजूत, की गोरीपान मडम येणार. जीपमधून उतरली ती बुटकी, काळ्या केसांची, बारीक डोळ्यांची पोरगी. लेकरं हिरमुसली. ही तर नेपाळची हाय, म्हणाली. पाळकसाहेबांनी सांगितलं, कोरियाची आहे. कोरिया कुठं ते मला माहीत नव्हतं. मी चौथीपर्यंत शिकले, आणि आमच्या चौथीच्या भूगोलात जालना जिल्हासुद्धा नव्हता, तो मागाहून झाला. म्हणजे माझा भूगोल आधीच शिळा होता. तिचं नाव मिन्-जी. दुपारपर्यंत गल्लीनं तिची मीना करून टाकली.

ती कोणी न सांगता दारात चपला काढायची. पाण्याचा पेला दोन्ही हातांनी घ्यायची. म्हातारं माणूस दिसलं की कमरेतून वाकायची, मग ते माणूस कोणी का असेना. पहिल्या जेवणाला मी तिच्यासाठी वरण फिकं ठेवलं होतं, तर तिनं ठेच्याकडं बोट केलं. भाकरीला लावून खाल्ला आणि परत मागितला. शेजारणी दाराशी तिच्या डोळ्यांत पाणी येतंय का बघायला उभ्या होत्या. त्या तशाच घरी गेल्या. एवढ्यावरून मला वाटलं, बरी आहे पोरगी.

मग पाळकसाहेबांनी खरी गोष्ट काढली. हिंडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यानं एका गावात एकदा प्रवचन करायचं होतं. मीनानं जन्मात कधी चारचौघांत उभं राहून बोललेलं नव्हतं. हे तिचं पहिलं. आणि ते त्यांनी आमच्या आगटीवर ठरवलं होतं.

आगटी म्हणजे रानातला खड्डा. त्यात गोवऱ्यांचा विस्तव करायचा, राखेत हिरवी कणसं खुपसायची आणि भाजली की तळहातावर चोळून दाणे काढायचे. बटईवाल्यानं पहिला हुरडा रानाच्या मालकाला द्यायचा, ही आमच्याकडची रीत. मालक घरच्यांना घेऊन येतो, शेजारपाजारचे येतात, आम्ही असतोच. आता यात एक गोम आहे. जी माणसं आमच्या घरचं पाणी पीत नव्हती, भाकरी खात नव्हती, ती आमच्या आगटीवर बसून आमच्या हातानं चोळलेला हुरडा खायची. का, तर तो चुलीवरचा नसतो. रानातलं कणीस, रानातला विस्तव, त्याला विटाळ कुठला? हे कोणी ठरवलं ते मला माहीत नाही, पण वर्षातनं एवढा एकच वेळ आम्ही सगळे एका गोलात बसायचो. माझ्या सासूच्या वेळी तेसुद्धा नव्हतं. त्यांना दुरून टोपली ठेवून मागं सरकावं लागायचं.

मी पाळकसाहेबांना म्हणाले, प्रवचन देवळात करा. आमच्या देवळात म्हणजे आमच्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात. ते म्हणाले, तिथं आठच घरं, आगटीवर सगळे असतात. मी म्हणाले, म्हणून तर नको. माणसाला खायला बोलवायचं आणि बसल्यावर आपलं ऐकवायचं, हे दाणा टाकून पाखरू धरण्यासारखं आहे. त्यांनी मोपेडची किल्ली बोटाभोवती फिरवली. मग म्हणाले, त्यांच्या पुढाऱ्याला शब्द दिलाय, मार्थाबाई. पुढारी म्हणजे त्या विद्यार्थ्यांना घेऊन आलेला माणूस. तो बाकीच्यांसोबत भोकरदनला उतरला होता आणि प्रवचनानंतर जीप घेऊन मीनाला न्यायला येणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला रानात नेलं. ज्वारी डोक्यावर उंच, कणसं दुधात भरलेली, आणि त्यांच्यावर चिमण्या नि साळुंक्यांचे थवे. दव एवढं की माझं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. पाखरं राखायच्या माळ्यावर, म्हणजे चार खांबांवर बांधलेल्या मचाणावर, मी तिला चढवलं. गोफण तिच्या हातात दिली असती तर दगड माझ्याच कपाळात बसला असता, म्हणून फक्त खुणेनं सांगितलं, ओरड. ती ओरडली. मांजराचं पिल्लू बरं. एक साळुंकी हलली नाही.

मग तिला काय सुचलं कोण जाणे, तिनं हात मागं बांधले आणि इंग्रजीत बोलायला लागली. पाठ केलेलं. आधी हळू, मग जरा मोठ्यानं. मी खालून हातानं खूण करत होते, अजून, अजून. ऊन वर आलं तेव्हा ती बांधाच्या पलीकडं ऐकू जाईल असं बोलत होती आणि दर वेळी एका ठिकाणी आवाज चढला की थवाच्या थवा उठायचा. तिचं पहिलं प्रवचन पाखरांनी ऐकलं आणि ती सगळी उडून गेली. मी खाली बसून हसले. तीही हसली. मधेच अडखळली की ती कपाळावर हात मारायची आणि परत अगदी पहिल्या वाक्यापासून सुरू करायची. इंग्रजी तिचीही भाषा नव्हती. आम्ही शाळेत पाढे म्हणायचो तसं तिचं होतं. तेरा सत्ते विसरलं की तेरा एके तेरापासून.

दुपारी मी पाटलांकडं गेले. न सांगता बोलावणं माझ्या मनाला पटत नव्हतं. पाटील ओसरीवर बसले होते, त्यांच्या आई, थोरल्या माय, उन्हात पाय सोडून तूर पाखडत होत्या. ऐंशीच्या पुढच्या, पण हात थांबत नसे. मी सरळ सांगितलं. उद्या हुरडा आहे, या. पण पाहुणी पोरगी तिथं देवाचे दोन शब्द बोलणार आहे. ऐकायचं नसेल तर आधी खाऊन घ्या आणि उठा, मी तिला थांबवून ठेवते.

थोरल्या मायनं विचारलं, ती कोनाची पोर, तिच्या मायनं एवढ्या लांब एकलीला धाडली कशी. मला कुठं माहीत. पाटलांनी शेजारचा पेपर दुमडून ठेवला. त्या वर्षांत हवाच तशी होती. पेपरात काहीबाही यायचं आणि परदेशी माणूस दिसला की लोक कान टवकारायचे.

"तू आधी येऊन सांगतलं, हे बराबर केलं, मार्थे," ते म्हणाले. "मी यीन. मायलाबी आनीन. पोरीला बोलायचं ते बोलू दे. पन आमच्या देवाला कोनी नाव ठिवलं, तर मी तसाच उठीन. मी उठलो की माघं कोनी बसनार न्हाई. आन् मंग पाडव्याला माझ्या दारात येऊ नको."

रागानं नाही बोलले. रागानं बोलले असते तर मी घाबरले नसते. राग उतरतो.

संध्याकाळी मी पाळकसाहेबांना धरलं आणि विचारलं, तिचं पाठ केलेलं आहे तरी काय. ते म्हणाले, तीन भाग आहेत. आधी शुभवर्तमानातली नाणं हरवलेल्या बाईची गोष्ट. मग तिचा अर्थ. आणि शेवटी आवाहन.

आवाहनात काय आहे?

त्यांनी खाली बघितलं. दगडमातीचे देव सोडून या, असं आहे, म्हणाले. तिनं लिहिलेलं नव्हतं ते. पुढाऱ्यानं बसवून घेतलं होतं आणि तिच्याकडून म्हणवून बघितलं होतं.

मी म्हणाले, ती इंग्रजीत बोलणार, मराठीत तुम्ही सांगणार. तेवढं गाळा.

"मी तिच्या तोंडचं बदलणार न्हाई," पाळकसाहेब म्हणाले. "ती विश्वासानं माझ्या शेजारी उभी राहणार. उद्या तिनं विचारलं, मी बोलले ते सगळं सांगितलं का, तर काय सांगू?"

माणूस वाकायचा, पण कुठं वाकायचं नाही ते त्यांना ठाऊक होतं. मला त्यांचा राग आला आणि त्यांचं बरोबरही वाटलं. मी म्हणाले, मग तिलाच सांगा. त्यांनी तिला बोलावून इंग्रजीत समजावलं. पोरगी पांढरी पडली. तिनं विचारलं, लोक रागावतील का? पाळकसाहेब म्हणाले, हो. ती म्हणाली की सगळं एकसंध पाठ आहे, आणि पुढाऱ्याला, तिच्या तिकडच्या ख्रिस्ती मंडळीला, सगळ्यांना तिनं शब्द दिलाय की शेवटपर्यंत बोलेन. शेवट सोडला तर आपण भिऊन सोडला असं होईल.

त्या रात्री ती जेवली नाही. मीही नाही. ठेचा तसाच राहिला. एका खोलीत दोन बाया, एकमेकींची भाषा येत नाही, दोघींच्या पोटात गोळा. तिला भीती, की आपण विसरू. मला भीती, की ही विसरणार नाही.

मी देवाशी फार बोलत नाही. त्याला कामं असतात, मला कामं असतात. त्या रात्री बोलले. काय बोलले ते सांगण्यासारखं नाही, जरा भांडणच होतं.

आगटीच्या दिवशी ऊन कलल्यावर सगळे जमले. थोरल्या माय बैलगाडीतून आल्या, दुमडलेल्या गोणपाटावर बसल्या. सोबत त्यांच्या घरचा पाण्याचा तांब्या होताच. पाटील त्यांच्या शेजारी. गावातली आणखी माणसं. आमची आठ घरं एका अंगाला. दानू विस्तव सारत होता, मी कणसं खुपसत होते. गुळभेंडीची कणसं, गोड जात. लसणाची चटणी, जवसाची चटणी, गूळ, दही, सगळं मांडून ठेवलेलं. धूर जमिनीलगत पसरलेला, आणि त्यात तो वास. कच्च्या दुधाचा आणि भाजलेल्या धान्याचा मिळून एक वास असतो. तो मला आजही कुठल्या पिशवीत मिळत नाही.

मीना उभी राहिली. आधी थोरल्या मायकडं तोंड करून कमरेतून वाकली. लोकांत कुजबुज झाली, चांगली. मग तिनं हात मागं बांधले आणि लांबच्या लिंबाच्या झाडाकडं बघत सुरू केलं. एक वाक्य ती, एक वाक्य पाळकसाहेब. एका बाईकडं चांदीची दहा नाणी होती. त्यांतलं एक हरवलं.

कोणी काही बोललं नाही.

हे परक्या माणसाला कळायचं नाही. आमच्याकडं कोणी गोष्ट सांगत असलं तर ऐकणाऱ्यानं हुंकारा द्यायचा असतो. दर वाक्याला 'हूं', 'मंग', 'बराबर'. माझी आई दळताना गोष्ट सांगायची. आम्ही हूं म्हणायचं विसरलो की तिचं तोंड बंद, जातं चालू. मेली का सगळी, असं विचारायची. हुंकाऱ्याशिवाय सांगणारा एकटा पडतो. गप्प बसणं म्हणजे ऐकणं नव्हे, गप्प बसणं म्हणजे मनात काहीतरी आहे. पण त्या दिवशी आमच्या माणसांना पाळकसाहेबांनी बजावून ठेवलं होतं, पाहुण्यांच्या देशात प्रवचन हाताची घडी घालून ऐकतात, कोणी मधे तोंड उघडायचं नाही. आणि गावची माणसं गप्प होती, ती पाटलांच्या तोंडाकडं बघून.

पोरीला हुंकारा माहीत नव्हता, पण ती शांतता तिला कळली. एवढ्या तोंडांतून एक आवाज नाही. तिचा आवाज बारीक होत गेला. बाईनं दिवा लावला, असं काहीतरी म्हणाली. मग थांबली. ओठ हलत होते, शब्द नव्हता. मी तिच्याकडं बघितलं आणि ओळखलं, गेलं. आता ही पहिल्या वाक्यापासून सुरू करणार, किंवा रडणार. पाटील जमिनीकडं बघत होते. हातातलं कणीस चोळायचं थांबलं होतं. आगटीत एक गोवरी तडकली, तेवढाच आवाज.

"मंग?" थोरल्या माय म्हणाल्या.

सगळ्यांनी तिकडं बघितलं.

"मंग काय झालं? थांबली कामून, बाई? दिवा लावला आन् मंग? सापडलं का न्हाई तिचं नाणं?"

पाळकसाहेबांनी घाईघाईनं इंग्रजीत सांगितलं. मीनानं लिंबाच्या झाडावरची नजर खाली आणली आणि पहिल्यांदा समोरच्या माणसाकडं बघितलं. म्हातारी गोणपाटावरून पुढं वाकून बसली होती. मग पोरगी तिलाच सांगायला लागली, बाकी कोणाला नाही. हात मागचे पुढं आले. दिवा कसा धरला ते दाखवलं. खराटा हातात नव्हता तरी वाकून घर झाडायला लागली, आगटीच्या कडेनं, थेट आमच्या पायांपर्यंत. म्हातारी दर वाक्याला हूं. आणि मधेच म्हणाली, "कोपऱ्यात बघ म्हनावं तिला. झाडून कोपऱ्यातच जातं."

कोणीतरी हसलं. मागून आणखी एक हूं आला. मग आमच्यातल्यांनी हाताच्या घड्या सोडल्या आणि तेही हूं म्हणायला लागले. गोष्ट एकदा चालायला लागली की मग ती मागं वळत नाही. नाणं सापडलं. मीनानं दोन बोटांत धरून उंच केलं, आणि शपथ घेऊन सांगते, तिथं नाणं नव्हतं, तरी दोघातिघांनी मान वर करून बघितलं. मग त्या बाईनं शेजारणींना, मैत्रिणींना बोलावलं, म्हणाली, माझं हरवलेलं सापडलं, माझ्यासोबत आनंद करा.

"आन् त्यायला खाऊ घालता घालता दोन नाणी खर्च झाली असतील," थोरल्या माय म्हणाल्या.

पाटील हसले. मोठ्यानं हसले, तोंडातलं तूस उडालं. आख्खा गोल हसला. पाळकसाहेबांनी सांगितलं तेव्हा मीनाही तोंडावर हात धरून हसली. आणि तेवढ्यात थोरल्या मायनं पाटलांच्या तळहातावरचा गरम हुरडा उचलला आणि तिच्यापुढं धरला, "औक्षवंत हो, बाई. घे, खा. कनसं जळून राह्यली, बघता काय?"

पोरीनं सवयीनं दोन्ही हात पुढं केले. हातात पडलं ते तोंडात टाकलं. दानूनं भराभर कणसं बाहेर काढली, लोक पुढं सरकले, चटणी फिरली, कोणी दही मागितलं. आमच्याकडं हरवलेलं सापडलं की गोष्ट संपते. त्याच्यापुढं काही असतं हे कोणाच्या डोक्यातही येत नाही. पाळकसाहेब एक हात वर करून उभे होते, 'तर, प्रिय बंधुभगिनींनो' म्हणून. तो हात तसाच जरा वेळ राहिला. मग त्यांनी त्याच हातानं मान खाजवली आणि ते खाली बसले.

मीनाचं तोंड भरलेलं होतं. चावता चावता तिला आठवलं. दोन भाग राहिले होते. आणि आता सुरू करायचं तर पुन्हा पहिल्या वाक्यापासून. तिनं पाळकसाहेबांकडं बघितलं. पाळकसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी आगटीत बघितलं.

लोक मला विचारतात, थोरल्या मायनं मुद्दाम केलं का? पोरीला सांभाळून घेतलं का? मला तसं वाटत नाही. त्यांना नाणं सापडलं का, एवढंच हवं होतं. चांगुलपणा करायला बसलेलं माणूस वेगळं दिसतं, मला ओळखता येतं. आणि नंतरही काही बदललं नाही. त्या दिवशी तहान लागल्यावर त्या त्यांच्याच तांब्यातलं पाणी प्याल्या. आमच्याकडून कोणी दूर गेलं नाही, कोणी जवळ आलं नाही. मला त्या वर्षी तेवढंच पाहिजे होतं. जास्तीचं मागणारी माणसं वेगळी असतात, देव त्यांचं बघून घेईल.

सगळे गेल्यावर मीना विझत्या आगटीपाशी बसून रडली. पाळकसाहेब म्हणाले, महत्त्वाचं तेच राहिलं असं म्हणतेय. मी त्यांना म्हणाले, "तिला सांगा, जेवणं झाली. लोणचं वाढायचं राह्यलं म्हणून ताटं परत मांडत न्हाईत." इंग्रजीत लोणच्याचं त्यांनी काय केलं माहीत नाही, पण ती ऐकून नाक ओढत हसली. मग तिनं ठेचा मागितला. खुणेनं.

सकाळी पुढारी जीप घेऊन आला. उंच माणूस, चष्म्यावाला. त्यानं विचारलं असावं, कसं झालं. पाळकसाहेबांनी सांगितलं, लोकांनी गोष्ट शेवटपर्यंत ऐकली. खोटं काही नव्हतं त्यात. पण मीना मधे बोलली. बराच वेळ बोलली, हात मागं न बांधता. नंतर पाळकसाहेबांनी मला सांगितलं, तिनं सगळं खरं सांगून टाकलं होतं, की शेवट राहिला, आपल्याला तो परत सुरू करता आला नाही, आणि आता करावासा वाटतही नाही. पुढाऱ्याचं तोंड आंबट झालं. होऊ दे. जाताना ती माझ्यापुढं वाकली. मी तिच्या पाठीवर थाप मारली आणि जीपमध्ये बस म्हणाले, कारण माझा जीव अजून पाटलांच्या दारात अडकला होता. आगटीवर माणूस हसतो, घरी जाऊन विचार करतो.

म्हणून जीप वळल्याबरोबर मी टोपलीत उरलेली कणसं घातली आणि निघाले. पाटील गोठ्यात होते. टोपली खाली ठेवली. ते वैरण टाकत राहिले. मी उभी. मी म्हणाले, पाहुणी गेली. हां, म्हणाले ते. आणखी एक पेंढी सोडली, झटकली, म्हशीपुढं टाकली.

"पुढल्या साली कडंनं करडईच्या दोन ओळी घे, मार्थे," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "खालच्या अंगानं ढोरं घुसून राह्यली जवारीत. काटा असला म्हंजे येत न्हाईत."

मी बरं म्हणाले.

घरापर्यंत मी नीट चालत आले. कोणी भेटलं असेल तर माहीत नाही. दार ढकललं, शिंक्यावरून भाकरीची दुरडी काढली. कालची भाकरी होती, तिच्यासोबतचं कोरड्यास गार झालेलं. बसायला पाट घ्यायचं सुचलं नाही. चुलीपुढं उभ्यानंच दीड भाकरी खाल्ली, आणि मग राहिलेली अर्धीही.